संग्राहकाचे फडताळ

घराचा माळा साफ करताना, नाताळच्या गोठ्याच्या सामानाखाली आणि जुन्या पंख्याच्या पात्यांशेजारी, एखादी चपटी पिवळी कॅसेट हाती लागावी, असा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना आला असेल. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची कॅसेट. १९९० च्या दशकात ती टीव्हीला जोडलेल्या यंत्रात खोचली की मारिओ धावू लागे, ‘कॉन्ट्रा’मधले शिपाई गोळ्या झाडू लागत, आणि शेजारच्या तीन घरांतली मुले आपापल्या पाळीची वाट पाहत जमिनीवर मांडी घालून बसत. कॅसेट रुसली की तिच्या तोंडावर फुंकर मारायची, हे शास्त्र त्या मुलांना कोणी शिकविले कोण जाणे! जपानपासून अमेरिकेपर्यंतची मुले तेच करीत होती. (फुंकरीतल्या ओलाव्याने आतली धातूची टोके गंजतात, हे शहाणपण सर्वांनाच उशिरा आले.) आमच्याकडची बहुतेक यंत्रे आणि कॅसेटी जपानी मालाच्या नकला होत्या, आणि कॅसेटीवर छापलेला खेळांचा आकडा म्हणजे थापेबाजीचा अस्सल नमुना असे, वर आश्वासन हजारोंचे आणि आत खेळ मोजून पाच-सात. परंतु वस्तू खरी होती. ती मित्राला आठवडाभर देता येई, तिच्या बदल्यात दुसरी आणता येई, आणि ती नक्की कोणाची ह्यावरून भांडताही येई.

ह्या वस्तूचे दिवस आता भरत आले आहेत, असे तिच्या संग्राहकांना वाटू लागले आहे. जगभर, विशेषतः जपान, अमेरिका आणि युरोपात, जुन्या-नव्या खेळांच्या कॅसेटी आणि तबकड्या जमविणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. पोस्टाची तिकिटे किंवा जुनी नाणी जमविणाऱ्यांसारखाच हा छंद, असे आम्हांस प्रथम वाटले होते. जरा खोलात गेल्यावर ध्यानी आले की प्रकरण निराळे आहे. तिकीट जमविणाऱ्याच्या मागे टपाल खात्याचे दप्तर उभे असते, नाणी जमविणाऱ्याच्या मागे टांकसाळ आणि वस्तुसंग्रहालय. ह्या संग्राहकाच्या मागे बराच काळ कोणीही उभे नव्हते. निर्मात्यांनी जे फेकले, तेच त्याने उचलून फडताळात ठेवले. म्हणून त्याच्या फडताळाचे भवितव्य हा एका छंदापुरता विषय राहत नाही.

आरंभी खेळ यंत्रातच कोंडलेला असे. १९७२ साली अमेरिकेत ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे घरगुती खेळाचे पहिले यंत्र विक्रीस आले. त्यात पत्ते खोचावे लागत. पण त्या पत्त्यांत खेळ साठविलेला नसे, ते केवळ आतल्या जोडण्या बदलीत. खेळ आणि यंत्र ह्यांची खरी फारकत झाली ती १९७६ मध्ये, ‘फेअरचाइल्ड चॅनल एफ’ ह्या यंत्राने. मूळ कल्पना ‘अल्पेक्स’ नावाच्या एका लहान कंपनीची. ती बाजारात टिकेल अशा वस्तूत उतरविणाऱ्या चमूचे प्रमुख होते जेरी लॉसन हे कृष्णवर्णीय अभियंता. काम वरवर साधे, पण अवघड होते. नाजूक चिप एका डबीत बसवायची, आणि ती डबी मुलांच्या हातांनी शेकडो वेळा खोचली-उपसली तरी यंत्र बिघडता कामा नये, स्थिर विजेची ठिणगी उडून चिप जळता कामा नये. लॉसन ह्यांच्या चमूने ते साधले. योगायोग असा की त्या पहिल्यावहिल्या कॅसेटीही पिवळ्याच होत्या.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, ‘अटारी’ कंपनीने आपले यंत्र आणले आणि कॅसेटीचा व्यापार फोफावला. यंत्र एकदाच विकायचे, कॅसेटी मात्र वर्षानुवर्षे विकत राहायच्या, हे गणित कंपन्यांना कळले. ह्याच गणिताच्या पोटी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, आणखी एक गोष्ट जन्मली. खेळाला आता शरीर होते. त्याला वेष्टन होते, वेष्टनावर चित्र होते, आत माहितीपुस्तिका होती. पुस्तकाप्रमाणे तो कपाटात उभा राहू लागला.

मग १९८३ साल उजाडले. अमेरिकेत भाराभर कंपन्या भाराभर खेळ काढू लागल्या होत्या. दुकाने मालाने तुंबली आणि गिऱ्हाईक विटले. अटारीने ‘ई.टी.’ ह्या गाजलेल्या चित्रपटावरून १९८२ च्या नाताळसाठी एक खेळ काढला होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ ह्या एकट्या माणसाकडून तो अवघ्या पाच आठवड्यांत तयार करून घेतला, कारण नाताळ कोणासाठी थांबत नाही. लाखो कॅसेटी तयार झाल्या; त्यांतल्या पुष्कळ दुकानातून परत आल्या. सप्टेंबर १९८३ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथील अटारीच्या कोठारातून मालमोटारी निघाल्या आणि शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातील आलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत कॅसेटी ओतल्या गेल्या. गावची पोरे खड्ड्यात उतरून खेळ पळवू लागली, तेव्हा वरून काँक्रीट ओतण्यात आले.

ह्या दफनाची पुढे दंतकथा झाली. कोणी म्हणे असे काही घडलेच नाही. कोणी म्हणे तेथे लाखो ई.टी. गाडले आहेत. तीस वर्षे हा वाद चालला. अखेर २६ एप्रिल २०१४ रोजी, एका माहितीपटाच्या निमित्ताने, धुळीच्या वादळात तो डेपो खणण्यात आला. वॉरशॉ स्वतः तेथे उभे होते. सुमारे ३० फूट खाली कॅसेटी सापडल्या. चेपलेल्या, कुबट वासाच्या, काही तर अजून वेष्टनात. त्या केवळ ‘ई.टी.’च्या नव्हत्या, अटारीच्या चांगल्या खपलेल्या खेळांच्याही होत्या. दफनाचे काम ज्यांच्याकडे होते त्या जेम्स हेलर ह्यांनी एकूण आकडा ७ लाख २८ हजार सांगितला. वर काढण्यात आल्या सुमारे १,३००. बाकीच्या तशाच ठेवून खड्डा पुन्हा बुजविण्यात आला. एक कॅसेट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली, आणि आलामोगोर्डो नगरपालिकेने ८८१ कॅसेटी लिलावात विकून १ लाख ७ हजार डॉलरांहून अधिक रक्कम मिळविली. १९८३ मध्ये जिला कोणी फुकट नेईना, तिच्यासाठी लोकांनी बोली लावली. आम्हांस ह्यात गंमत वाटते, तितकीच लाजही वाटते. स्वतःच्या कामाविषयी इतका अनादर छापखान्याच्या मालकानेही कधी दाखविला नसेल. तो निदान रद्दीवाल्याला तरी देतो.

अनादर अटारीपुरता नव्हता. जपानमधील ‘स्क्वेअर’ ही नावाजलेली कंपनी. तिने २००२ साली काढलेला ‘किंगडम हार्ट्स’ हा खेळ २०१३ मध्ये नव्या रूपात आणायचे ठरले, तेव्हा मूळ सामग्री कंपनीच्याच घरात सापडेना. पुष्कळ भाग नव्याने बांधावा लागला. अवघ्या अकरा वर्षांत ही स्थिती! बैल गेला आणि झोपा केला, दुसरे काय?

जपानचे नाव निघालेच आहे, तर तिकडे वळू. १५ जुलै १९८३ रोजी, म्हणजे आलामोगोर्डोच्या दफनाच्या जेमतेम दोन महिने आधी, ‘निन्तेंदो’ कंपनीने तेथे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र काढले. किंमत १४,८०० येन. आमच्या माळ्यावरचे यंत्र ज्याची नक्कल होते, ते हेच. जपानी मुलेही त्याच्या डबीला ‘कासेत्तो’, म्हणजे कॅसेटच, म्हणत. त्या काळी चिप महाग होती. म्हणून १९८६ मध्ये निन्तेंदोने एक तोड काढली. लवचिक चुंबकी तबकडी घ्यायची, दुकानात ठेवलेल्या यंत्रापाशी जायचे, ५०० येन द्यायचे, आणि जुना खेळ पुसून नवा लिहून घ्यायचा. पाटी पुसून नवे गणित मांडावे तसे. ही सोय लोकांना आवडली, आणि पुसण्याची ती सेवा २००३ पर्यंत चालू होती. स्वस्ताईच्या आनंदात एक गोष्ट कोणाला खटकली नाही, की पुसलेला खेळ त्या घरातून कायमचा गेला. पुढे चिपा स्वस्त झाल्या आणि कॅसेट पुन्हा वरचढ ठरली.

१९९५ मध्ये त्याच कंपनीने ह्याच्याही पुढचे पाऊल टाकले. सूपर फॅमिकॉमला एक जोडयंत्र लावायचे, आणि उपग्रहावरून ठरलेल्या वेळी खेळ घरी उतरवून घ्यायचा. ह्या सेवेचे नाव ‘सॅटेलाव्ह्यू’. त्यातल्या काही खेळांत निवेदकांचे आवाज आणि संगीत रेडिओसारखे त्याच वेळी प्रक्षेपित होत. वेळ चुकली की आवाज गेला. ३० जून २००० रोजी ही सेवा बंद पडली. ती चालविणाऱ्यांनी तिचा संग्रह लोकांसाठी कोठेही खुला ठेवला नाही. आज त्या खेळांचे जे अवशेष हाती आहेत, ते जुन्या बाजारात मिळणाऱ्या साठवण-डब्या एक-एक करून विकत घेणाऱ्या हौशी लोकांमुळे. डबीत काय आहे हे विकत घेईपर्यंत कळत नाही. कधी तोच तो खेळ पुन्हा निघतो, आणि कधी जो नष्ट झाला असे सारे समजून होते तो पडद्यावर उभा राहतो. आवाज मात्र बहुतेक हरवले. कोणी त्या रात्री टेपवर ध्वनिमुद्रण करून ठेवले असेल तेवढेच उरले. आज जे जगभर घडू पाहत आहे, त्याची रंगीत तालीम तेव्हाच होऊन गेली, असे आम्हांस वाटते.

आता वस्तू विकत घेतली म्हणजे नेमके काय घेतले, ह्याचा विचार करणे प्राप्त आहे. पुस्तकाच्या बाबतीत हा निवाडा फार पूर्वी झाला. एका अमेरिकन प्रकाशकाने आपल्या कादंबरीत छापले होते, की हे पुस्तक १ डॉलरहून कमी किमतीस विकणे हा आमच्या हक्काचा भंग समजला जाईल. ‘मेसीज’ ह्या बड्या दुकानाने ते ८९ सेंटना विकले. १९०८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की एकदा प्रत विकल्यावर तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. जुन्या पुस्तकांची दुकाने आणि आपण एकमेकांस देतो ती पुस्तके ह्याच तत्त्वावर उभी आहेत. खेळांच्या कंपन्यांना हे तत्त्व पहिल्यापासून सलत होते. अमेरिकेत खेळ भाड्याने देणारी दुकाने वाढली, तेव्हा निन्तेंदोने १९८९ मध्ये ‘ब्लॉकबस्टर’ ह्या साखळी-दुकानावर खटला भरला. खेळ भाड्याने दिले म्हणून तो भरता येईना, तेव्हा माहितीपुस्तिकांच्या छायाप्रती काढल्या म्हणून भरला. १९९० मध्ये अमेरिकन संसदेने संगणकाची सॉफ्टवेअर भाड्याने देण्यास बंदी घातली. टीव्हीवरच्या खेळांच्या कॅसेटी मात्र तीतून वगळल्या.

जपानमधला लढा याहून चुरशीचा झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथील कंपन्या पेट्यांवर पुनर्विक्रीस मनाई असल्याची खूण छापू लागल्या. त्यांचे म्हणणे असे, की हे खेळ चित्रपटासारखे आहेत, आणि चित्रपटाची रिळे कोणाकडे जावीत हे ठरविण्याचा हक्क निर्मात्याचा असतो. जुन्या खेळांच्या दुकानदारांनी ते मानले नाही. १९९९ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने दुकानदारांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी ओसाकाच्या न्यायालयाने कंपन्यांच्या बाजूने. प्रकरण वर गेले. २५ एप्रिल २००२ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले: खेळ चित्रपटासारखे आहेत हे मान्य, तथापि लोकांना विकलेली प्रत एकदा विकली की तिच्यापुरता तो हक्क संपतो. अकिहाबारासारख्या भागात आजही जुन्या कॅसेटी ओळीने मांडून ठेवलेल्या दिसतात, त्या ह्या निकालाच्या आधारावर.

न्यायालयात जे मिळाले नाही, ते कंपन्यांना तंत्राने मिळाले. वस्तूच नसेल तर वस्तूचा कायदा कोठे लावणार? २००३ मध्ये संगणकासाठी ‘स्टीम’ हे ऑनलाइन दालन सुरू झाले. त्यावर ‘खरेदी’ असे लिहिलेले असते, परंतु मिळतो तो वापरण्याचा परवाना. हा परवाना विकता यावा म्हणून फ्रान्समधील एक ग्राहक संघटना न्यायालयात गेली. २०१९ मध्ये पॅरिसमध्ये जिंकली आणि २०२२ मध्ये अपिलात हरली. कॅलिफोर्निया राज्याने निदान शब्दांपुरता प्रामाणिकपणा मागितला आहे. १ जानेवारी २०२५ पासून तेथे लागू असलेल्या कायद्यानुसार, आपण विकतो तो परवाना आहे हे ऑनलाइन विक्रेत्याने ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते.

टीव्हीच्या खेळांत हा बदल एका फटक्यात आणण्याचा प्रयत्न ‘मायक्रोसॉफ्ट’ने २०१३ मध्ये केला होता. त्यांचे नवे यंत्र दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावणार होते, आणि तबकडी मित्राला द्यायची तर ती एकदाच, तीही अटी पाळून. लोक खवळले. प्रतिस्पर्धी ‘सोनी’ने त्याच जूनमध्ये एक चित्रफीत काढली. मित्राबरोबर खेळ कसा वाटून घ्यावा ह्याचे त्यात मार्गदर्शन होते: एका गृहस्थाने पेटी पुढे केली, दुसऱ्याने ती घेतली, संपले. जग हसले, आणि १९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. संग्राहकांच्या गोटात हा विजयदिन समजला जातो. विजय किती टिकला? २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी तबकडीची खाचच नसलेली यंत्रे बाजारात आणली. २०२४ मध्ये त्याच सोनीचे सर्वांत महाग यंत्र खाचेविना आले. खाच हवी तर ती वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते. ह्या वेळी कोणी फारसे खवळले नाही, कारण कोणी काही काढून घेतल्यासारखे वाटलेच नाही. घरी बसून खेळ उतरविण्याची सवय लागली होती.

ह्या सवयीत वाईट काय, असे कोणी विचारील. न्यायाने बोलायचे तर चांगलेही पुष्कळ आहे. दोन-चार मित्रांनी मिळून केलेला खेळ, ज्याला पूर्वी कॅसेटीचा खर्च कधी परवडला नसता, तो आज जगभर पोहोचतो. लहान गावातल्या मुलाला शहरातल्या दुकानाची वाट धरावी लागत नाही. मात्र दालन बंद होते तेव्हा काय होते ते पाहावे. निन्तेंदोने आपल्या दोन यंत्रांची ऑनलाइन विक्री २७ मार्च २०२३ रोजी थांबविली. मायक्रोसॉफ्टने एका जुन्या यंत्राची २९ जुलै २०२४ रोजी. ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्याकडे खेळ राहिले. जे केवळ तेथेच मिळत, ते नव्या माणसाला विकत घेण्याची वाट उरली नाही. ‘युबिसॉफ्ट’ कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ २०१४ मध्ये तबकडीवरही निघाला होता, पण कंपनीच्या सर्व्हरशिवाय तो चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाला. तबकडी फडताळात आहे, वेष्टन नवे कोरे आहे, आणि खेळ नाही. युरोपात ह्यावरून लोकांनी रीतसर अर्ज मांडला, की विकलेला खेळ बंद करताना तो चालू राहील अशी काही व्यवस्था करून जावे. जुलै २०२५ मध्ये त्यावरील सह्या दहा लाखांच्या वर गेल्या.

ह्याच काळात बाजारात दुसऱ्या टोकाचा वेडेपणाही झाला, आणि त्याविषयी बोलताना आमचा स्वर किंचित चढतो. जुलै २०२१ मध्ये ‘सूपर मारिओ ६४’ ची एक न उघडलेली प्रत अमेरिकेत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरांना गेली. अशा प्रती कडक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतात, त्यांना गुणांक देतात, आणि त्या कोणी कधीच खेळत नाही. आमच्या मते तो संग्रह नव्हे, ती साठेबाजी होय. ज्या हौशी माणसाने दर शनिवारी जुन्या बाजारात फिरून आपले फडताळ भरले, त्याला ह्या भावांनी हाकलून लावले.

आणि फडताळही अमर नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘झेल्डा’च्या सोनेरी कॅसेटीत, खेळाडूची प्रगती लक्षात राहावी म्हणून एक नाण्याएवढी बॅटरी बसविली होती. ती संपली की खेळ चालतो, पण कालपर्यंतचे सारे विसरतो. बॅटरी बदलता येते, डाग देणाऱ्याचा हात मात्र हलका हवा. तबकड्यांच्या आतला चकचकीत थर काळाने खराब होतो. त्यावर इलाज नाही. म्हणून जाणते संग्राहक मूळ वस्तू जपतात आणि तिच्यातला मजकूर संगणकावर उतरवूनही ठेवतात. कायद्याच्या नजरेत ही दुसरी गोष्ट बहुधा संशयास्पद ठरते. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ ह्या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसले, की २०१० पूर्वी तेथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ अभ्यासकांपर्यंत दुरून पोहोचविता यावेत, म्हणून सवलत मागितली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारण्यात आली. रॉचेस्टर शहरातील ‘द स्ट्राँग’ ह्या खेळांच्या संग्रहालयात हजारो खेळ जतन केलेले आहेत, परंतु अभ्यासकाने तेथवर जायला हवे.

जपानने ह्या बाबतीत वेळीच एक शहाणपणाचे पाऊल टाकले होते. तेथील संसदेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत जमा करावी लागते. ऑक्टोबर २००० पासून तबकड्या आणि कॅसेटींवरील खेळांनाही तोच नियम लागू झाला. खेळ हा ग्रंथाच्या पंक्तीला बसला. त्याआधीच्या सतरा वर्षांतल्या फॅमिकॉमच्या कॅसेटींना हा नियम लागू नव्हता. ते काम तोक्योतील एका बिगरसरकारी संस्थेने, २०११ मध्ये स्थापन झालेल्या ‘गेम प्रिझर्व्हेशन सोसायटी’ने, संग्राहकांच्या मदतीने चालविले आहे.

५ जून २०२५ रोजी निन्तेंदोचे नवे यंत्र आले, आणि त्याबरोबर एक नवी वस्तू आली. पेटी आहे, चित्र आहे, आत नखाएवढी पट्टीही आहे. पण पट्टीत खेळ नाही, खेळ उतरविण्याची किल्ली आहे. ती यंत्रात खोचायची, मग इंटरनेटवरून खेळ येतो, आणि खेळताना पट्टी आत ठेवावी लागते. ती मित्राला देता येते, विकता येते. एवढा जुना धर्म तिने पाळला आहे. ज्या दिवशी कंपनीचा सर्व्हर बंद होईल, त्या दिवसानंतर नव्या माणसाच्या हातात तिचा उपयोग उरणार नाही. ह्या पट्ट्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होणार काय, अशी विचारणा झाली, तेव्हा त्यांत मजकूरच नसल्यामुळे त्या आपल्या संग्रहात बसत नाहीत असे ग्रंथालयाकडून सांगण्यात आले. संग्राहकांतही ह्यावरून दोन तट पडले आहेत. काही जण अशा पेट्या घेतच नाहीत. काही जण घेतात, आणि फडताळात वेगळ्या खणात लावतात.

आमच्या माळ्यावरच्या पिवळ्या कॅसेटीविषयी एवढेच, की ती नक्कल असली तरी तिच्या आत मजकूर आहे. तिच्यासारख्या नकलांचीही परदेशातील काही हौशी मंडळी नोंद ठेवू लागली आहेत, कारण कोणत्या देशातल्या मुलांनी काय खेळले ह्याचा दुसरा पुरावा नाही. घरात असेल तर ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी मुलांना, आता तीही चाळिशीला पोहोचली असतील, एकदा विचारावे. फुंकर मारू नये. कापसाच्या बोळ्याला थोडे स्पिरिट लावून धातूची टोके हलक्या हाताने पुसावीत, पूर्ण वाळू द्यावीत, आणि पावसाळ्यात ती कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.